उभी बाटली

एन्झाइम मेलं होतं. सकाळी साहाय्यक मुलीनं बाटलीतल्या गोठवलेल्या एन्झाइमचा चिमूटभर बर्फ खरवडला, विरघळवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला. मुंगीच्या डंखात असतं ते फॉर्मिक आम्ल त्यातून तयार व्हायला हवं होतं. थेंबभरही झालं नाही. दुपारी पाहुणे येणार होते, धुराड्यातल्या वायूचं कामाचं रसायन होताना बघायला. आणि सगळा साठा या एकाच बाटलीत!

"हिनं रात्री फ्रीझरचं दार उघडं टाकलं," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले. "वितळून नासलं. सकाळी गुपचूप दार लावलं, पुन्हा गोठलं."

मुलगी पांढरीफटक पडली. नोकरी जाणारच होती, पण हा डाग घेऊन दुसऱ्या प्रयोगशाळेनंही तिला दारात उभं केलं नसतं.

चौकशीला संस्थेच्या सुरक्षा अधिकारी आल्या. पोलिसातून कधीच निवृत्त झालेल्या, पण 'फौजदारबाई' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. सरांनी त्यांना आपल्या खोलीत बसवून कोपऱ्यातल्या छोट्या फ्रिजमधला बर्फ घालून पाणी दिलं. त्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा म्हणजे चार बोटांची फट. बर्फ काढताना सरांचा हात अडकला.

मग बाई मुलीला घेऊन फ्रीझरपाशी गेल्या. वीतभर उंचीच्या बाटल्या स्टँडमध्ये ओळीनं उभ्या होत्या.

"आडवी कधीच ठेवत नाही?"

"नाही. सरांचा नियम आहे. झाकणाला चिकटलेलं वाया जातं. पहिल्याच दिवशी मी बोलणी खाल्ली होती."

"दार?"

"लावलं होतं, ओढूनही पाहिलं होतं. पण आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही."

काल आणखी काही घडलं का, असं विचारल्यावर ती घुटमळली. मग म्हणाली, कालच्या चाचणीत निघालेलं आम्ल सरांनी जाहीर केलेल्या आकड्याच्या पासंगालाही पुरलं नव्हतं. तिनं ते फक्त सरांनाच सांगितलं होतं.

बाईंनी बाटली उजेडात धरली. बराच वेळ बघितली. मग सरांना बोलावलं.

"दार उघडं राहिलं असतं, तर ही इथेच उभी वितळून उभीच गोठली असती. शेजारच्या बाटल्यांतला बर्फ बघा, सपाट आहे. हिच्यातला एका बाजूनं झाकणापर्यंत चढलाय. म्हणजे गोठताना ही कलंडलेली होती. वीतभर बाटली कलती करावीच लागेल असा कप्पा इथे एकच आहे, तुमच्या खोलीत."

"तिथे कुणीही ठेवली असेल."

"खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

सरांचा हात आपसूक खिशाकडे गेला.

"काल ही मुलगी घरी गेल्यावर तुम्ही बाटली नेलीत," बाई म्हणाल्या. "गरम पाण्यात धरून एन्झाइम मारलंत, पुन्हा गोठवलंत आणि सकाळी जागेवर ठेवलंत, नियमाप्रमाणे उभी. आकडा फुगवलेला होता. पाहुण्यांसमोर झाकली मूठ उघडली असती."

सर खाली बसले.

मुलीला सुटल्याचा आनंद होईल असं बाईंना वाटलं होतं. ती मात्र बाटलीच न्याहाळत होती. याच माणसानं तिला बाटली धरायला शिकवलं होतं.

"आकडा कमी होता, सर," ती म्हणाली. "पण एन्झाइम चालत होतं."