आतड्यामागचा हात

माझा मावसभाऊ सर्जन आहे. खोटं बोलायची त्याला सवय नाही. कौतुक ऐकायची मात्र आहे, म्हणूनच त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली ही नाचक्की मी खरी मानतो.

गेल्या हिवाळ्यातली संध्याकाळ. हॉस्पिटलचं मागच्या बाजूचं ऑपरेशन थिएटर.

तिथं आधी भावाच्याच वर्गातल्या दुसऱ्या सर्जनचं राज्य होतं. सगळे त्याला जादूगार म्हणत. दोघं जिवलग मित्र, पण भाऊ आतून जळायचा. यानं तासन्‌तास उभं राहून रोगी वाचवावा आणि नातेवाइकांनी विचारावं, "जादूगार सरांनी बघितलं ना?"

मग जादूगार हार्ट अटॅकनं गेला.

भाऊ ढसाढसा रडला. आणि घरी येताना त्याच्या मनात आलं, आता तरी माझी पाळी.

कसली पाळी! मेल्यावर तर जादूगाराचे गोडवे दुपटीनं सुरू झाले.

त्या संध्याकाळी एका इस्त्रीवाल्याला आणलं. सायकलवरून पडताना हँडल पोटात घुसलेलं. भावानं पोट उघडलं. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तो वळसा, म्हणजे ड्युओडेनम, पुढून फाटला होता. भावानं तो शिवला. टाके इतके देखणे पडले की तो स्वतःवरच खूश झाला.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, उलटून मागची बाजू बघायची ना? जादूगार सर कायम बघायचे."

झालं. भावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं तर बघायलाच हवं होतं. हा वळसा पोटात खोल, पाठीच्या कण्याला लागून असतो. मागचं भोक राहून गेलं तर पित्त आत झिरपत राहतं आणि माणूस हातचा जातो. भावाला हे पाठ होतं.

तरीही तो म्हणाला, "काही गरज नाही. पोट बंद करू या."

तेवढ्यात... पोटातलं रक्त-पाणी ओढून घेणाऱ्या सक्शनचा आवाज थांबला.

मशीन चालू होतं. बाटलीत बुडबुडे येत होते. आवाज तेवढा नव्हता.

मग मॉनिटरची टिकटिकही गेली. पडद्यावरची रेघ मात्र नाचत होती.

आणि त्या शांततेत... कोणीतरी मास्कच्या आतून हलकी शीळ घालू लागलं.

टाके घालताना जादूगार अशीच शीळ घालायचा.

भावानं मान वर केली. असिस्टंटचे दोन्ही हात जखमेच्या कडा ओढून धरण्यात गुंतलेले. सिस्टरचे ट्रेवर. स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांसमोर.

आणि पोटात... आणखी एक हात होता.

ग्लोव्ह घातलेला. मनगटाच्या वर काहीच नव्हतं.

त्या हातानं ड्युओडेनम बाजूनं सैल केलं, अलगद उलटलं आणि धरून ठेवलं.

मागे भोक होतं. हिरवट पित्त झिरपत होतं.

भावाला भीती नंतर वाटली. आधी आला तो संताप. मेला तरी हा मला शिकवतोय!

पण त्यानं निमूटपणे भोक शिवलं. शेवटची गाठ बसली आणि सगळे आवाज एकदम परत आले. हात नव्हता.

"बरं झालं सर, शेवटी तुम्ही उलटून बघितलंत," सिस्टर म्हणाल्या. त्यांना काहीच दिसलं नव्हतं.

इस्त्रीवाला वाचला. घरी जायच्या दिवशी त्यानं भावाला विचारलं, "साहेब, ते दुसरे डॉक्टर कुठे भेटतील? त्यांचे आभार मानायचे होते."

"कोण दुसरे?"

"मला ऑपरेशनला नेताना शेजारून चालत होते ते. म्हणाले, घाबरू नकोस, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. फक्त घाई करतो."

भावानं ते हाताबद्दलचं वाक्य त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

आता प्रत्येक ऑपरेशनला त्याचे कान सक्शनकडे असतात. आवाज थांबत नाही.

परवा मला म्हणाला, "कॉलेजपासून मला ते एकच वाक्य त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि त्यानं ऐकवलं कोणाला? त्या इस्त्रीवाल्याला."

तो त्या इस्त्रीवाल्यावर जळत होता. हे सांगताना तो जराही घाबरलेला नव्हता, आणि मला तेव्हापासून त्याचीच भीती वाटते.