आधी विचारायचं

चढावर खुर्ची एकदम हलकी झाली, तेव्हाच तिला कळलं की मागून कुणीतरी पुण्य कमवायला आलंय. तिने दोन्ही चाकं करकचून धरली. खुर्ची थांबली आणि मागचा उपकारकर्ता तिच्यावर आदळता आदळता राहिला.

"खुर्चीला हात लावायचा तर आधी विचारायचं."

"सॉरी... मला वाटलं, मदत—"

"चढ तुम्हाला जड जात असेल तर मी ढकलू का?"

पांढऱ्या कोटातल्या त्या पोराचे कान लाल झाले. ते कान तिला भलतेच आवडले, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

ती पाट्या रंगवायची. दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडली, पाठीचा मणका मोडला आणि त्याच्या आतल्या मज्जारज्जूला इजा झाली. बेंबीच्या खाली ना स्पर्श उरला, ना हालचाल. आता मेडिकल कॉलेजच्या पोरांना तपासणी शिकता यावी म्हणून ती अधूनमधून इथे यायची. पोरं शिकायची आणि तिला त्यांची फिरकी घेता यायची.

त्या दिवशी तपासायला नेमका लाल कानवालाच पुढे आला. डोळे मिटा म्हणाला, कापूस लावीन, कळला की 'हो' म्हणा. पायांपासून वर येत त्याने बेंबीपाशी सीमा बरोबर पकडली. मग हातांची पाळी आली.

"आता कळतंय?"

"नाही."

"नाही?" तो चरकला. इजा पाठीत आणि हात बधिर, हे कुठल्याच पुस्तकात बसत नव्हतं.

तिने डोळे उघडले. कापूस हवेतच होता आणि स्वारी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसली होती.

"अहो डॉक्टर, लावलात तर कळेल ना."

सगळा वर्ग खिदळला. शिकवणाऱ्या मॅडमनाही हसू आवरेना. पण शेवटी निष्कर्ष सांगताना त्याने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "रुग्ण आयुष्यभर इतरांवर अवलंबून राहील," आणि तिचं हसू मावळलं.

"रुग्ण आज स्वतः गाडी चालवत आलाय," ती म्हणाली. "ब्रेक हाताने दाबून. इथून कामावर जाणार आहे. ते वाक्य खोडा."

दुसऱ्या दिवशी तो तिच्या दुकानाच्या दारात उभा. "आत येऊ? आधी विचारतोय." वाक्य खोडलं म्हणाला. मग येतच राहिला. ब्रश धुवायला शिकला, वाकडीतिकडी अक्षरं काढायला शिकला. तिच्या गालावर उडालेला रंग दाखवायच्या निमित्ताने जवळ यायलाही शिकला. तिला त्याची वाट बघायची सवय लागली आणि त्या सवयीचा भयंकर राग यायला लागला.

राग येण्यासारखंच तिचा दादा बोलला होता. "त्याला दया येतेय गं. दया आटली की तूच रडत बसशील." दादाची माया खरी होती, म्हणून ते जास्तच लागलं. कुणाच्या दयेवर जगायचं नाही, हे तिने हॉस्पिटलच्या पलंगावरच ठरवलं होतं. मग त्या कुणाचे कान कितीही गोड असोत.

संध्याकाळी तो आला तसं तिने सरळ विचारलं, "तुला माझी दया येते?"

"वर्गासमोर तोंडघशी मी पडलो. दया आली तर माझीच येते."

"थट्टा नको."

त्याने ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "आई काल म्हणाली, सून आणतोयस की पेशंट?"

"मग?"

"म्हटलं, अजून मी तिला विचारलेलंच नाही. ती बहुतेक नाहीच म्हणेल, तू उगाच कशाला भांडतेस? पण हो म्हणाली... तर तुझं ऐकणार नाही."

"मग विचार ना."

"भीती वाटते."

"डोळे मीट."

त्याने मिटले. तिचा हात त्याच्या हाताच्या बोटभर वर थांबला.

"आता कळतंय?"

"नाही... लावलास तर कळेल ना."

रंगाने बरबटलेल्या बोटांनी तिने त्याचा हात घट्ट धरला. "आता?"

"हो," तो म्हणाला, आणि कान पुन्हा लालेलाल.

दारात दादा खाकरला.

"तुझे दादा बघतायत," तो डोळे मिटूनच पुटपुटला.

"बघू दे," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.