गुरुवारचा वाडगा

स्वाद-संचय केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर पाकयंत्राने चौथ्यांदा रामेन बनवलं आणि डॉ. आसावरी पाटणकरने चौथ्यांदा चमचा खाली ठेवला.

"फिकं आहे," ती म्हणाली.

समोर डॉ. रेहाना मुलाणी त्याच यंत्राने बनवलेला दुसरा वाडगा मिटक्या मारत संपवत होती. तिने पडद्याकडे बोट केलं. "तीनशे बारा घटक, आणि तीनशे बाराच्या तीनशे बारा जुळले. आता आणखी काय जुळवायचं, पत्रिका?"

केंद्राचं काम सांगायला सोपं होतं. नाहीशा होऊ घातलेल्या चवी टिपून ठेवायच्या. त्यासाठी आसावरीने जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र तयार केलं होतं, रसलेखक. पदार्थाचा एक थेंब त्यात सोडला की त्यातला प्रत्येक क्षार, आम्ल, तेल आणि वास मोजून आकड्यांची एक माळ बाहेर पडे. तिला ते रसमुद्रा म्हणत. पाकयंत्र ती रसमुद्रा वाचून तोच पदार्थ पुन्हा घडवी. संगमनेरच्या एका बंद पडलेल्या खाणावळीची कटाची आमटी त्यांनी अशीच वाचवली होती. एका काकूंचं लिंबाचं लोणचं तर इतकं हुबेहूब उतरलं की "माझी बरणी चोरलीत कुठून?" म्हणून काकूंनी भर सभागृहात सगळ्यांना फैलावर घेतलं होतं.

आता पाळी 'ओनुमा'ची होती. बालेवाडीच्या उतारावरचं हे आठ स्टुलांचं रामेनचं दुकान सोपान ढोरे चालवत. तरुणपणी ते तळेगावच्या एका जपानी कारखान्याच्या भटारखान्यात ओनुमा सान, म्हणजे ओनुमा साहेब, या जपानी आचाऱ्याच्या हाताखाली होते. ओनुमा मायदेशी परतले तेव्हा सोपानकाकांनी त्यांच्याच नावाने दुकान काढलं. काकांच्या आईने पहिल्या दिवशी वाडग्यात डोकावून "शेवयांचा रस्सा होय!" एवढंच म्हटलं होतं, पण पुणेकरांनी त्या रश्श्याला डोक्यावर घेतलं. आता काका चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, मनगटं साथ देत नव्हती, आणि येत्या रविवारी दुकान बंद करून ते मावळात आपल्या गावी राहायला जाणार होते.

आसावरी अकरा वर्षांची होती तेव्हा तिच्या बाबांनी तिला तिथे पहिल्यांदा नेलं. अच्युतराव पाटणकर त्याच कारखान्यात दुभाषी होते. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दोघे शेजारी बसून रामेन खात, आणि पहिला घास झाला की बाबा न चुकता म्हणत, "अजून तशीच आहे हं." बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती, तिचा गुरुवार मात्र चुकला नव्हता. त्यांचे फोटो होते, आवाजही जपून ठेवलेला होता; पण बाबा शेजारी बसले आहेत असं आसावरीला फक्त त्या वाडग्यावर वाकल्यावरच वाटायचं. ही चव गेली की तो शेजारही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर एवढा आटापिटा.

"नमुना कधी घेतलास?" तिने विचारलं.

"मंगळवारी. मी गेले, मी बसले, माझ्या वाडग्यातून घेतला. तूच म्हणालीस, तुझ्या आवडीची लुडबूड नको."

हे खरं होतं. ज्याला पदार्थ प्रिय आहे त्याने नमुना घ्यायचा नाही, असा नियम आसावरीनेच केला होता, आणि तो मोडणाऱ्या दोघांना तिने लेखी समजही दिली होती.

"काकांनी तुझ्यासाठी हातचं राखलं असेल."

"मी तिथे जे खाल्लं तेच हे आहे. तुझं यंत्र तसं म्हणतंय आणि माझी जीभसुद्धा." रेहाना जिभेची तज्ज्ञ होती आणि त्याचा तिला किंचित गर्वही होता. तिने वाडगा बाजूला सारला. "मला एक सांग. तुला ती चव लहानपणी लागायची तशीच आज लागते?"

"अगदी तशीच. शपथेवर सांगते."

"मग कुठेतरी घोटाळा आहे. जिभेवरच्या रुचिकलिका दहा-बारा दिवसांनी मरतात आणि नव्या येतात. चाळिशीनंतर ही भरती मंदावते, नाकही हळूहळू बोथट होतं. आज तू त्रेचाळीसची आहेस. अकराव्या वर्षीचाच वाडगा आज तुझ्यापुढे ठेवला तर तो तुला फिका लागायला हवा."

"मग काकांनी माप वाढवलं असेल."

"तपासू या की. रसमुद्रा क्रमांक एक कशाची आहे?"

आसावरी चमकली. अठरा वर्षांपूर्वी रसलेखकाचा पहिला ओबडधोबड नमुना तिने कुठे वापरून पाहिला असणार? ओनुमामध्येच, स्वतःच्या वाडग्यावर. तेव्हा हा नियम नव्हता आणि तिला समज देणारंही कुणी नव्हतं. रेहानाने ती जुनी माळ पडद्यावर आणली आणि मंगळवारच्या माळेशेजारी मांडली. दोन्ही जवळजवळ एकच होत्या.

"दुकानाचं माप अठरा वर्षांत बदललेलं नाही," रेहाना सावकाश म्हणाली. "तुझी जीभ बदलली, हे मी लिहून देते. तरी गेल्या गुरुवारी तुला चव तशीच लागली. मग बदललं काय?"

आसावरीने दोन्ही माळांवरून बोट फिरवलं. "माझा वाडगा," ती म्हणाली. "फक्त माझा."

काखेत कळसा अन् गावाला वळसा. ज्या वाडग्याला हात लावायचा नाही असं तिने ठरवलं होतं, नेमका तोच मोजायचा राहिला होता.

"काकांचं कधी चुकलंच नाही का?" रेहानाने विचारलं.

"एकदाच. बाबांचे उपचार चालू होते तेव्हा. त्यांच्या तोंडाची चव पार गेली होती, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं म्हणायचे. तरी गुरुवार चुकवला नाही. एकदा मी त्यांच्या वाडग्यातला घोट घेतला आणि थुंकायचीच राहिले. आंबट जहर, वर तिखट. काकांचा हात चुकला होता. आणि बाबांनी तो वाडगा तळापर्यंत संपवला, वर म्हणाले, अजून तशीच आहे हं." ती खिडकीबाहेर बघू लागली. "काकांचं मन राखायला म्हणाले. आणि माझं. शेवटचे सगळे गुरुवार ते मला खोटंच सांगत होते, रेहाना. मला त्याचं फार वाईट वाटतं."

रेहानाने रसलेखकाचा डबा पिशवीत भरला.

गुरुवारी दुपारी दोघी ओनुमाच्या फळीसमोर बसल्या. फळीच्या पलीकडे सोपानकाका नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांकडे पाठ करून उभे होते. दुकानात गाणी कधीच नसत. आवाज करणारा पंखाही काकांनी काढून टाकला होता. भिंतीवर पाटी होती : 'येथे मोठ्याने बोलू नये. मोठ्याने खाण्यास हरकत नाही.' पुण्यात पाटीला कुणी कारण विचारत नाही, त्यामुळे हिलाही बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

काकांनी दोन वाडगे घेतले. प्रत्येकाच्या तळाशी आधी सोयाचा आटवलेला अर्क, मग वरून कोंबडीच्या हाडांचा उकळता रस्सा, मग शेवया झटकून आत, वर अर्धं अंडं आणि कांद्याची पात. वाफेने रेहानाचा चष्मा धुरकटला. खाण्याआधी आसावरीने दोन्ही वाडग्यांतला एकेक थेंब रसलेखकात सोडला.

रेहानाच्या वाडग्याचे आकडे मंगळवारसारखेच निघाले. आसावरीच्या वाडग्यात अर्क दीडपट होता, जळक्या लसणाचं तेल दुप्पट, आणि आल्याचा रस, जो रेहानाच्या वाडग्यात मुळीच नव्हता.

"काका," आसावरीने विचारलं, "माझ्या वाडग्यात तुम्ही वेगळं काय घालता?"

काका वळले. चोरी पकडल्यासारखे ओशाळले, मग हसले. "सापडलो म्हनायचा. शास्त्रज्ञ पोरगी, पन लई येळ लावलास."

"पण का?"

"आगं, नव्या मानसाला ओनुमा सानचं माप. ते मोडायचं नाय. पन जो नेमानं येतो त्याला त्याचं माप. मानूस काय एका जागी ऱ्हातो व्हय? जीभ पन म्हातारी व्हती."

"आणि ते तुम्हाला चाखून कळतं?" रेहानाने विचारलं.

"चाखतो कोन? सारखं चाखलं की दुपारपर्यंत आचाऱ्याची जीभ मरती. ओनुमा सान म्हनायचे, सकाळी एकदा चाख, मग दिवसभर ऐक." त्यांनी कानाला हात लावला. "भुरका ऐकायचा. पहिला लांब आला आन लगेच दुसरा आला, म्हंजे बरोबर. पहिल्यानंतर मानूस थांबला, म्हंजे त्याची जीभ काहीतरी हुडकतीया. मंग पुढच्या येळेला अर्धा चमचा, पुना ऐकायचं. ही चाळिशीला आली तवापासून थांबाया लागली व्हती."

रेहानाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "भुरक्याबरोबर हवा आत जाते, वास घशामागून नाकात चढतो," ती आसावरीला म्हणाली. "जीभ आणि नाक दोघांचं समाधान झालं की श्वास अडत नाही. हे थेट चव लागण्याचं माप आहे. आपण वाडगा मोजत बसलो. हे खाणाऱ्याला मोजतात."

व्यक्ती तितक्या प्रकृती हे सगळेच म्हणतात. सोपानकाका ती प्रकृती दर आठवड्याला ताडून पाहत होते, आणि तेही पाठमोरे उभे राहून.

"तुमच्या त्या यंत्राला ऐकू येतं का?" काकांनी विचारलं.

"नाही," आसावरी म्हणाली.

"मंग ते आजची चव देईल. धा वर्सांनी तुला पुना फिकं लागंल, आन तू म्हनशील, ढोऱ्याचं काही खरं नव्हतं." ते पुन्हा भट्टीकडे वळले. "त्याला आधी कान लावा. रविवारपर्यंत हाय मी. काय ऐकायचं ते शिकवतो."

रेहाना आनंदाने वही काढून लिहू लागली. आसावरी मात्र हलली नाही. तिच्या डोक्यात एक साधा हिशोब सुरू झाला होता. जीभ बदलली की वाडगा बदलतो. थोडी बदलली, तर थोडा. आणि जीभ अगदीच गेली, तर?

"काका," ती म्हणाली. "बाबांच्या आजारपणात एकदा त्यांच्या वाडग्यात खूप आंबट पडलं होतं. चुकून पडलं होतं ना?"

काकांनी झारा पुसून खुंटीला अडकवला.

"चुकून नाय पडलं. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या गुरुवारी साहेब म्हनाले, अजून तशीच आहे हं. पन भुरका आलाच नव्हता. नुसत्या शेवया गिळत व्हते. तोंडानं मानूस काय पन बोलंल, भुरका खोटा मारता येत नाय. मंग मी आलं वाढवलं. लिंबू पिळलं, मिरी घातली. स्टीलचा चमचा काढून लाकडाचा दिला, धातूचा वास नको म्हनून. दुसऱ्या गुरुवारी काय नाय. तिसऱ्याला काय नाय. चौथ्याला इतकं लिंबू घातलं की मलाच भ्या वाटलं." काकांनी मान हलवली. "आन आला गं भुरका. असा लांब! साऱ्या दुकानानं ऐकला. तू त्यांच्या वाडग्यातला घोट घेऊन तोंड वाकडं केलंस, तोच दिवस. शेवटपर्यंत मंग तेच माप."

आसावरीला तो दिवस आठवला. लाकडी चमचा आठवला, बाबांच्या कपाळावरचा घाम आठवला, आणि तो लाजिरवाणा मोठा आवाजही, ज्याच्यामुळे तिने तेव्हा बाबांचा हात दाबला होता. बाबा खोटं बोलत नव्हते. तो जहराचा वाडगा त्यांना खरंच तसा लागला होता, तिला अकराव्या वर्षी लागला होता तसा. शेवटच्या गुरुवारीसुद्धा दोघांनी शेजारी बसून एकच चव खाल्ली होती, दोन वेगळ्या वाडग्यांतून.

रेहानाने हळूच वही मिटली.

आसावरीने स्वतःचा वाडगा पुढे ओढला. शेवया उचलल्या आणि भुरका मारायला गेली. पण डोळे वाहत होते, नाक बंद झालं होतं, आणि भुरका मध्येच तुटला. तिला काहीही चव लागली नाही.

"अजून तशीच आहे हं," ती म्हणाली.

फळीपलीकडे पाठमोऱ्या काकांचा हात आल्याच्या बरणीकडे गेला.

"उगं खोटं बोलू नगंस," ते म्हणाले. "आधी नाक पूस. दुसरा गरम वाढतो."