एकाच बाईंच्या दोन नोंदी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी हा विषय मी काढत नाही.

पाण्याचे फिल्टर विकणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं मी ग्राहकांच्या नोंदी सांभाळतेय. एकच माणूस कॉम्प्युटरमध्ये दोनदा शिरला, की त्या दोन नोंदींची एक करायची. हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ. साहेब म्हणायचे, "बाईंच्या तावडीतून जुळी भावंडंसुद्धा सुटायची नाहीत."

त्या दुपारी शिवणक्लास चालवणाऱ्या एका बाईंच्या दोन नोंदी निघाल्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं तेच. फक्त फोन नंबर वेगळे. एक नोंद अकरा वर्षांपूर्वीची, दुसरी सहा महिन्यांपूर्वीची. मी दोन्हीकडे फोन लावला.

नव्या नंबरवर बाई हसून म्हणाल्या, "हो, मीच ती. जुनी काढून टाका ना."

जुन्या नंबरवरही तोच आवाज, पण दबलेला. मागे नळ वाहत होता.

"नको हो... ती नवी नोंद मी केलेली नाही. ती करणारी... इथंच असते. स्वयंपाकघरात."

वय झालं की होतं असं, मी मनाशी म्हटलं. ताजी माहिती खरी, हा आमचा नियम. जुनी नोंद नवीत मिसळली आणि निवांत जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर आले.

"काल तुम्ही माझ्या बायकोची नोंद..." ते कुजबुजले. "जुनी परत आणता येईल?"

"का हो काका?"

त्यांनी हळूच मागे पाहिलं. काचेच्या दारापलीकडे भर उन्हात एक बाई उभी होती. आमच्याकडे बघून हसत होती. ते हसू हलतच नव्हतं.

"सहा महिने घरात दोघी होत्या... अगदी सारख्या. कालच्या दुपारपासून ही एकटीच आहे. म्हणते, ऑफिसातून काम झालं." ते काउंटरवर आणखी पुढे झुकले. "पण ही माझी नाही."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण हात सरावलेले होते. एक केलेल्या नोंदी चोवीस तासांच्या आत वेगळ्या करता येतात. बाराच मिनिटं उरली होती. मी वेगळ्या केल्या आणि नवी कायमची पुसून टाकली.

मान वर केली, तर दाराबाहेर कुणीच नव्हतं. काका धडपडत घरी निघाले.

तासाभराने मी जुना नंबर फिरवला.

"आले हो मी..." बाई रडत होत्या. "देवासारख्या धावून आलात!"

माझ्या जिवात जीव आला. पलीकडे फोनजवळच काका खोकत होते. त्यांची उबळ थांबत नव्हती.

आणि ते खोकत असतानाच, आतल्या खोलीतून काकांचाच आवाज आला, "कोण आहे गं? दे इकडे... मी बोलतो."