अकरा जिलब्यांची पैज

ग्वाल्हेरला मी तीन दिवसांसाठी गेले होते, आणि तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत मी नुसती जेवत होते. हे अडतीस सालचं. सराफ्यातल्या मावशीकडे सकाळी गरम बेडई पुरी, दुपारी पंगत, संध्याकाळी गजक. किल्ल्याचं नाव काढलं की मावशी म्हणायची, "तो कुठे पळून जातोय का? पुढच्या खेपेला बघ." तिच्या गच्चीवरून तो सबंध दिसायचा, म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची. संध्याकाळी माझी साताऱ्याला परतीची गाडी होती.

शेवटच्या पंगतीत जिलब्यांची परात घेऊन एक नवाच माणूस माझ्या पानासमोर थांबला. मावशीच्या जावेचा मुलगा, श्रीपाद. कॉलेजात गणित शिकवायचा, आज वाढायला आलेला.

"घ्या ना... दक्षिणेकडची मंडळी फारच कमी खातात, असं ऐकलंय."

मला रागच आला. "किती खाल्ल्या म्हणजे पुरे?"

"अकरा संपवून दाखवा. मग मागाल ते."

"किल्ला," मी म्हणाले.

सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. सातव्या जिलबीला मला घाम फुटला, नवव्या जिलबीला मी डोळेच मिटून घेतले. अकरावी संपली तेव्हा मावशी आपल्या लेकीला म्हणाली, "पद्मे, चपला घाल. हिच्याबरोबर जा."

तो चढ त्या पोटानं कसा चढले ते माझं मला ठाऊक. पद्मा आम्हा दोघांच्या मागे रेंगाळत होती, बहुधा मुद्दामच. मान मंदिर महालाच्या भिंतीवर निळ्या फरश्यांत पिवळ्या बदकांची रांग होती, खाली सगळं लष्कर शहर उन्हात पसरलेलं. मी जिंकले होते. मला फार फार आनंद झाला होता.

"एक सांगू?" श्रीपाद बदकांकडे बघत म्हणाला. "मी तुम्हाला... लहान लहान निवडून वाढल्या."

"म्हणजे तुम्हाला हरायचं होतं?"

"किल्ला दाखवायचा होता. तुम्हाला. आणि आता वाटतंय, संध्याकाळची गाडी चुकली तर बरं."

मला तो आवडला, हे सांगूनच टाकते. पण कुणी वाढून दिलेली जीत मला नको होती.

"मग पुन्हा पैज. साताऱ्याला या. वाढणार मी. नऊ पुरणपोळ्या संपवल्यात, तर बाबांशी बोला."

"सोच लो," तो हसला. "मी खरंच येईन हं."

माघात तो आला. बाबांच्या शेजारी पानावर बसला. आईनं माझ्या वाढायच्या ताटातल्या पोळ्या पाहिल्या आणि कुजबुजली, "अगं, या तर पुरीएवढ्या झाल्यात. पुरण संपलं का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानं पानातल्या पोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान खाली घालून खायला लागला. नऊ संपल्या. मग त्यानं दहावी आपणहून मागून घेतली, आणि ती खाता खाताच बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि त्याला अकरावी वाढायला सांगितली.