पायाआकडा तीस

शहरातल्या पाट्या काढून टाकल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. दुकानाचं नाव, बसचा नंबर, शेगडीचं तापमान, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळं आता चष्म्यात उमटायचं. चष्मा काढला की उरायच्या कोऱ्या भिंती आणि कोऱ्या बाटल्या. ही अक्षरं नाशिकच्या ज्या प्रयोगशाळेतून निघत, तिथे मृणाल खांबेटे सकाळपासून आपल्या साहेबांशी वाद घालत होती आणि हरत होती.

"चष्मे तापतायत," डॉ. बर्डे म्हणाले. "लोकांच्या कानाला चटके बसतायत. कशामुळे, ते तुम्हीच शोधून काढलंत."

"सापेक्ष एककांमुळे," मृणालला कबूल करावंच लागलं.

शैलीपत्रकात, म्हणजे कुठलं अक्षर कसं दिसावं हे ज्यात लिहिलेलं असतं त्यात, एकही आकार ठाम नव्हता. मथळा पायाच्या दुप्पट, सूचना पायाच्या दीडपट, एवढंच. पाया म्हणजे एक आकडा, तो ज्याचा त्याने आपल्या चष्म्यात ठरवायचा. तरण्या डोळ्यांना सोळा पिक्सेल पुरत, म्हाताऱ्यांना जास्त लागत. नजर वळेल तिथे चष्मा बिचारा नव्याने गुणाकार करत बसायचा.

"मग गुणाकार इथेच एकदा उरकून टाकू," बर्डे म्हणाले. "पत्रकातले हिशेब करून अक्षरं पाठवणारं तुमचं बांधणीयंत्र तयारच आहे. सोळाची दीडपट चोवीस, तर सरळ चोवीस पिक्सेल लिहून पाठवायचं. नव्या चष्म्यात गुणाकाराची चिप ठेवायचीच नाही."

"आणि ज्यांना सोळा दिसत नाहीत, ते?"

"असे कितीसे आहेत?"

"एक माझी आई आहे, सर."

बर्डे काही दुष्ट नव्हते, फक्त घाईत होते. आणि घाईतल्या माणसाशी बोलणं म्हणजे डोकेफोडच. "बरं, पायाआकडा तुम्ही ठरवा. मोठा घ्या हवा तर. पण एकच. दोन घेतलेत तर सगळ्या शहराची अक्षरं दोनदा बांधावी लागतील, आणि तेवढी मुदत आपल्याला नाही."

मृणालला वाटलं, आपण जिंकलो.

तिची आई, शैलजाबाई, पंचवटीत एकटी राहायची. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होत होता, पण शेजारणींबरोबरची रमी आणि स्वतःचं स्वयंपाकघर सोडायला बाई तयार नव्हती. शेवटी मृणालनेच अट घातली होती. "ज्या दिवशी अक्षरं दिसेनाशी होतील, त्या दिवशी बॅग भरायची आणि माझ्याकडे यायचं. मग कुरकुर चालणार नाही." शैलजाबाईंनी मान डोलावली होती.

त्या रविवारी आई थालीपीठ थापत होती. चष्मा टेबलावर होता. मृणालने हळूच उचलून पायाआकडा बघितला. अठ्ठावीस.

"आई, एवढे पुरतात ना गं तुला?"

"पुरतात की. खा गरम आहे तोवर."

मृणालने पदरचे दोन घातले आणि यंत्राला तीस दिले. एका दुपारीत यंत्राने शहरातलं प्रत्येक 'दीडपट' आणि 'दुप्पट' पुसून त्या जागी ठाम आकडे बसवले. जुने चष्मे गोळा झाले, नवे घरोघर गेले. लोकांनी नावं ठेवली. म्हणे अंकलिपीतली अक्षरं आहेत की काय ही. मृणाल ते ऐकून मनातल्या मनात खूश व्हायची. अख्खं शहर तिने आईच्या मापाने शिवलं होतं.

नवे चष्मे आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी शैलजाबाई नवा चष्मा लावूनच दारात उभ्या होत्या.

"कसा आहे?"

"मस्त. लख्ख दिसतंय सगळं."

"मग ही बाटली वाच बरं."

शैलजाबाईंनी बाटली हातात घेतली आणि घडाघडा म्हणून दाखवली. "डोळ्यांचे थेंब. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत दोन-दोन."

मृणालने बाटली तिच्या हातातून काढून घेतली. बाटली कानाच्या औषधाची होती.

"आई, हे कानाचं आहे. तू हे डोळ्यांत घालतेस?"

शैलजाबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी चष्म्याची काडी चाचपली. "तू यायच्या दिवशी मी आकडा खाली आणून ठेवायची गं. तू बघतेस, मला माहीत होतं. अठ्ठावीस बघितलंस की तुझा चेहरा सैल व्हायचा. एरवी पाया चव्वेचाळीस लागायचा."

"मला सांगायचंस तरी."

"सांगून काय, तू बॅग भरायला लावली असतीस."

मृणालला आईचा राग आला, आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

"नवाच्या नवा चष्मा, पण आकडा बदलायची जागाच सापडत नाही त्यात," शैलजाबाई म्हणाल्या. "तूच वाढवून दे ना थोडा. तुमच्याकडेच करतात ना ते?"

मृणालने समजावून सांगितलं. आता अक्षर कशाच्याच पटीत नाही, ते तीसच्या हिशेबाने एकदाच ठरून गेलंय. आणि चष्म्याला गुणाकार येत नाही. शैलजाबाईंनी मन लावून ऐकलं.

"असा कसा बाई आकडा घेतला कुणी," त्या म्हणाल्या.

मृणालने बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. शैलजाबाईंनी तिच्याकडे, म्हणजे तिच्या जरा डावीकडे, बघितलं आणि त्या समजल्या.

"असू दे. बॅग माळ्यावर आहे. मला दिसायची नाही, तूच काढ."

मृणालने स्टूल ओढलं. तिच्या घरच्या शेगडीवर, तिथल्या औषधांवर, तिथल्या लिफ्टमध्येही तेच तीस होते.