कुणाचं गं हे लेकरू?

शिरोळच्या स्टँडसमोर पूर्वी जिथं रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं आता भरणी केंद्र झालं होतं. लोक आत जायचे, अर्ध्या तासात बाहेर यायचे, आणि तोंडावर असं सुख असायचं की जणू पुरणपोळी चापून वर दुपारची झोप काढून आलेत. हौसाक्का मगदूमनं मात्र त्या पायरीला कधी पाय लावला नव्हता. "त्यांच्यापेक्षा माझी कोंबडी बरी," ती म्हणायची. "पिल्लू नेलं तर दोन दिवस ओरडते तरी."

भरणी म्हणजे काय, हे चौथी शिकलेल्या हौसाक्काला पक्कं ठाऊक होतं. माणूस जन्मला की पहिले शंभर दिवस त्याचा मेंदू ओल्या मातीच्या गोळ्यासारखा असतो. त्या दिवसांत जो आवाज पुन्हा पुन्हा कानावर पडतो, आईच्या बांगड्यांचा म्हणा, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा म्हणा, त्याची त्या मातीत खाच पडते. शास्त्रज्ञ तिला आदिखाच म्हणतात. पुढं माती वाळते, खाच राहते. पण बहुतेकांची खाच अर्धवट असते, कारण आवाज कुठंतरी मधेच तुटलेला असतो. तो तुटका तुकडा मेंदू जन्मभर शोधतो. घराची ओढ, गावाची आठवण, उगाच भरून येणं, ही सगळी त्या शोधाचीच नावं, असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. तिथवर ठीक होतं. पण मग त्यांनी खाच वाचणारं यंत्र काढलं, राहिलेला तुकडा बनवून कानातून आत सोडायची युक्ती काढली, आणि भरणी सुरू झाली. खाच भरली की ओढ संपली. परदेशातल्या कंपन्या तर नोकरी देतानाच भरणी करून द्यायला लागल्या. माणूस घरच्या आठवणीनं झुरत बसला की काम कमी होतं म्हणे.

हौसाक्काची एकुलती लेक मालन अमेरिकेत नॅशव्हिलला होती. पूर्वी रोज सकाळी तिचा फोन यायचा. कोण मेलं, कुणाची म्हैस व्याली, चटणीला यंदा मिरची कुठली, सगळं तिला लागायचं. सहा वर्षांपूर्वी तिची भरणी झाली. तिच्या खाचेत हौसाक्काच्याच बांगड्या निघाल्या. तेव्हापासून दिवाळीला फोन आणि पाडव्याला फोन. "तब्येत कशी आहे आई?" असं ती विचारायची, बँकेतला माणूस विचारतो तसं. राग नव्हता, भांडण नव्हतं. भांडण असतं तर हौसाक्कानं ते जिंकलं असतं.

माघ महिन्यातल्या एका दुपारी तिच्या दारात बिनड्रायव्हरची गाडी थांबली. आतून दोन बायका उतरल्या. एक पुण्याकडची, चष्मेवाली. दुसरी गोरी, तिशीतली, उंच. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"मी डॉक्टर मृदुला केसकर," चष्मेवाली म्हणाली. "अमेरिकेत आदिखाचेवर काम करते. तुमचा पत्ता मालनताईंनी दिला."

"तिनं स्वतःहून दिला?"

"मागितल्यावर दिला."

"तेच म्हटलं. बसा. आणि ही कोण? दोन वर्षं उपाशी असल्यासारखी दिसतीया."

"उपाशी नाही, आक्का. जागी. ही कोरा लॅनिंग."

कोराच्या कानात दुभाषी मणी होता, त्यातून तिला सगळं तिच्या भाषेत कळत होतं. दुसरा मणी तिनं हौसाक्काच्या हातावर ठेवला. हौसाक्कानं तो कानात घातला आणि जत्रेतून आणलेलं स्वस्तातलं कानातलं घालावं तसं तोंड केलं.

कोरा लॅनिंग हे नाव शिरोळच्या पोरांनाही माहीत होतं. पंधराव्या वर्षी ती गावजत्रेत गिटार घेऊन उभी राहिली. विसाव्या वर्षी तिचा पहिला अल्बम आला, बाविसाव्या वर्षी मैदानं भरायला लागली. गाणी स्वतः लिहायची, स्वतः गायची. सात अल्बम झाले, बक्षिसं घरात मावेनात. आणि तिच्या प्रत्येक गाण्याची एकच खोड होती. शेवटच्या ओळीच्या आधी सूर वर चढायचा, कुणी काही विचारावं तसा, आणि गाणं तिथंच थांबायचं. पुढं शांतता. त्या शांततेत मैदानातली लाख माणसं रडायची. जाणकार म्हणायचे, ही तिची शैली. कोरा म्हणायची, पुढचं मला येत नाही.

"मग आता का गात न्हाईस?" हौसाक्कानं विचारलं.

"ऐकायला कोण आहे?" कोरा म्हणाली. "सगळ्यांच्या भरण्या झाल्या. शेवटच्या कार्यक्रमात मी थांबले, आणि लोकांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या. छान झालं म्हणाले. पण माझं मात्र थांबत नाही. डोळे मिटले की कुणीतरी मला काहीतरी विचारतंय असं वाटतं. मला उत्तर येत नाही. मग झोप येत नाही."

"मग तूपण भरून घ्यायचंस. आमच्या स्टँडवरसुद्धा भरतात."

डॉक्टर केसकर म्हणाल्या, "प्रयत्न केले, आक्का. यंत्रानं चारशे शेवट बनवून दिले. तिच्या मेंदूनं एकही घेतला नाही. तेव्हा खाच नीट वाचली, तर तिच्यात पाण्याचा आवाज सापडला, आणि एका बाईचा. शब्द मराठी निघाले, आणि हिच्या जन्माच्या घराशेजारी मराठी घर एकच होतं. हे ऐका."

त्यांनी हातातली डबी उघडली. घरघर, खरखर, आणि त्यातून तांब्यातल्या पाण्याची धार. त्याच्यामागं एक आवाज, ठसठशीत, हुकमी:

ऊन ऊन पाणी, पाठीवर धार,
न्हाऊन झालं, उघडा दार,
कुणाचं गं हे लेकरू? कुणाचं?

हौसाक्कानं डबीजवळ कान नेला. एकतीस वर्षांपूर्वीचा स्वतःचाच आवाज होता तो.

मालनच्या बाळंतपणाला ती नॅशव्हिलला गेली होती, सहा महिने. तिथल्या न्हाणीघरात पाट मांडून, पाय पसरून, नातवाला पायांवर घेऊन अंघोळ घालायची. पहिल्याच दिवशी ओवा-वेखंडाची धुरी दिली आणि छताला लावलेली धुराची घंटा ठणाणा कोकलायला लागली. शेजारीण धावत आली. जून तिचं नाव, कडेवर सहा आठवड्यांची पोर, पोर रडून रडून निळी पडलेली. हौसाक्कानं एक शब्द न बोलता ती पोर ओढून घेतली, तेल लावलं, पायांवर पालथी घातली आणि पाणी घातलं. पोर गप्प झाली. मग रोजच ती पोर यायची. नातवाबरोबर चाळीस दिवस तिची अंघोळ झाली.

आणि त्या अंघोळीचा एक रिवाज होता. न्हाऊ घालणारीनं शेवटी विचारायचं, कुणाचं गं हे लेकरू? दारात ऊन दुपटं घेऊन उभ्या आईनं म्हणायचं, "माझं गं माझं, दे इकडं." मग लेकरू तिच्या हातात द्यायचं. उत्तर आईनंच द्यायचं. न्हाऊ घालणारीनं परक्याच्या लेकराला माझं म्हणायचं नाही, अगदी जीव तुटला तरी नाही. मालन तिच्या पोराला रोज उत्तर द्यायची. जूनला बिचारीला कोण सांगणार? ती हात पुढं करायची, पोर घ्यायची आणि म्हणायची, "थँक यू."

चाळीस दिवस विचारलं, चाळीस दिवस उत्तर आलं नाही.

"अगं बया," हौसाक्का म्हणाली. "मला काय ठाऊक, असं आत जाऊन बसतंय ते!"

"आई तीन वर्षांपूर्वी गेली," कोरा म्हणाली. "तुम्हाला तो शेवट येतो ना?"

"येतो."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. हौसाक्का डॉक्टरकडं वळली. "म्हटला तर हिचं काय होईल? खरं सांग. शिकलेल्या बायका गोल गोल बोलतात, तसं नको."

"झोप लागेल. नाहीतर हिचं हृदय फार तर वर्षभर टिकेल."

"गाणं?"

"सुचणार नाही बहुतेक. ती सगळी गाणी म्हणजे याच एका प्रश्नाचं उत्तर शोधणं होतं."

"आणि मी?"

"तुम्ही म्हणजे?"

"सात समुद्र ओलांडून ही पोर मला हुडकत आली. उद्या मला ओळखंल का?"

"ओळखेल की. नाव, चेहरा, सगळं लक्षात राहील." डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "फक्त तुम्ही तिला लागणार नाही."

हौसाक्का उठून माजघरात गेली. पाणी प्यायचं निमित्त केलं, पण तांब्या हातातच राहिला. साऱ्या जगात आता तिच्यासाठी तळमळणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते बाहेर ओसरीवर बसलं होतं. सहा वर्षं हिच्यातिच्या तोंडून मालनची खुशाली ऐकून तिचे कान कोरडे झाले होते. नाही येत म्हणावं, विसरले म्हणावं. पोर उद्या पुन्हा येईल, परवा येईल, हात धरून आठवा की आक्का म्हणेल. वर्षभर तरी येईल.

वर्षभर. मग त्या डॉक्टरनं सांगितलेलं ते हृदय.

ती बाहेर आली तेव्हा पदर कमरेला खोचलेला होता. "ऊठ गं. केसांची काय दशा करून घेतलीयास! आधी न्हायचं. कोरड्या अंगावर म्हणायचं गाणं न्हाई ते."

परसात बंब पेटवला. न्हाणीच्या दगडाजवळ पाट मांडून हौसाक्का पाय पसरून बसली. गुडघे कुरकुरले. तेवढी उंच बाई पायांवर कुठली मावायला? शेवटी कोरा जमिनीवर आडवी झाली आणि डोकं तेवढं हौसाक्काच्या पायांवर ठेवलं.

"जड झालीस गं," हौसाक्का म्हणाली. "तवा एवढीशी होतीस, कोंबडीच्या वजनाची. आणि बोंबलायचीस मात्र म्हशीवानी."

कोरा हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं हौसाक्काचं मनगट घट्ट पकडलं, लहान मूल पकडतं तसं, सगळ्या बोटांनी. हौसाक्कानं ते मनगट सोडवून घेतलं नाही. एका हातानंच तेल चोळलं, एका हातानंच तांब्या भरला. जितकं हळू घालता येईल तितकं हळू पाणी घातलं. बंबातलं पाणी संपायला आलं तरी तिचं न्हाऊ घालणं संपेना.

मग आवाज लावला. म्हातारा झाला होता, पण हुकमी होता.

"न्हाऊन झालं, उघडा दार. कुणाचं गं हे लेकरू? कुणाचं?"

कोरानं श्वास धरला. दारात कुणी नव्हतं. हौसाक्कानं तिचं ओलं डोकं पदरात गुंडाळलं, छातीशी घेतलं, आणि जन्मात कधी मोडला नव्हता तो रिवाज मोडला.

"माझं गं माझं. दे इकडं."

मनगटावरची बोटं एकेक करून सुटली. कोराला झोप लागली.

चार तास ती तिथंच झोपली, आणि हौसाक्का पाय न हलवता बसून राहिली. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा कोरा उठली. चेहरा तुकतुकीत, काळी वर्तुळं फिकट. तिनं केस झटकले, इकडंतिकडं बघितलं, घड्याळ बघितलं. विमान कितीला आहे म्हणून डॉक्टरना विचारलं. मग हौसाक्काकडं वळून तिनं दुभाषी मणी परत घ्यायला हात पुढं केला.

"थँक यू," ती म्हणाली. अगदी जूनच्या सुरात.

ती गाडीत जाऊन बसली. काच वर झाली. डॉक्टर केसकर यंत्राची डबी आवरत मागं राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आक्का, तुमची खाचही वाचू का? आजच भरून देते. उगाच त्रास कशाला?"

"तुझी झालीय?"

"अकरा वर्षं झाली."

"तरीच. एवढं डोळ्यांदेखत झालं, आणि तुझ्या डोळ्याला टिपूस न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा वर करून बोटानं डोळा चाचपला. "नाही आलं खरं," त्या म्हणाल्या, वहीत नोंद करावी तशा. मग नमस्कार करून निघाल्या.

गाडी वळणाआड गेली. हौसाक्का परसात परत आली. दगड अजून ओला होता, त्यावर दोन लांब सोनेरी केस चिकटले होते. ती पाटावर बसली, पाय पसरले, रिकाम्या पायांवर उरलेलं तांब्याभर पाणी ओतलं आणि गुणगुणली. न्हाऊन झालं, उघडा दार. कुणाचं गं हे लेकरू?

आणि रिवाजाप्रमाणं दाराकडं बघत थांबली.